भोपळ्याच्या पोटातला आवाज

डोंगराआडच्या एका गावात शांतवन नावाचा एक म्हातारा राहत होता. तिथल्या लहानशा चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी तो एक होता. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शिवी शोभत नाही, असं तो सगळ्यांना सांगे आणि स्वतःही देत नसे. शिवी ओठांवर आली की ती गिळायची आणि तिच्या जागी म्हणायचं, "भोपळ्या!" बैल अडला, भोपळ्या. दोरी तुटली, भोपळ्या. आणि मुलगा योना समोर आला, की काही न बिघडताही भोपळ्या.

योना कमी कमी बोलू लागला. पुढे त्याने बोलणं जवळजवळ सोडलंच.

"स्वभाव आहे त्याचा," शांतवन म्हणे.

त्या वर्षी गोठ्यावर दुधी भोपळ्याचा वेल चढला. बी कुणी लावलं नव्हतं. वेलाला फूल म्हणून येत नव्हतं, पण शांतवनने योनाला भोपळ्या म्हटलं, की दुसऱ्या दिवशी एक नवा भोपळा लटकलेला दिसे. योनाच्या बायकोच्या हे लक्षात आलं. सासरी नवी होती, म्हणून गप्प राहिली.

एका दुपारी भाजीसाठी एक तोडावा म्हणून तिने हात लावला. भोपळा गरम होता, ताप आलेल्या कपाळासारखा. कान लावला, तर आत कुणीतरी पुटपुटत होतं. आवाज सासऱ्यांचा. सासरे तर ओसरीवर घोरत होते.

त्या दिवशी तिने पिठलं केलं.

हंगामाचा सण आला. शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये नेऊन देवापुढे ठेवायची गावाची रीत होती. शांतवनने सगळ्यांत मोठा भोपळा तोडला.

"मामंजी, तो नको," सून म्हणाली. "तो बोलतो."

"वा! तुझा नवरा बोलत नाही आणि भोपळा बोलतो?"

"काय बोलतो, ते चारचौघांत ऐकायचंय का?"

शांतवन हसला आणि भोपळा खांद्यावर घेऊन निघाला.

पाळकांनी सगळ्यांना डोळे मिटून मनात प्रार्थना करायला सांगितलं. त्या शांततेत वेदीपुढून आवाज आला. शांतवनचाच, सावकाश.

"करंट्या, तू जन्मालाच यायला नको होतास."

सगळे वळून पाहू लागले. शांतवनचे ओठ मिटलेले होते.

"असलं मी कधीच बोललो नाही!" तो ओरडला. "योना, सांग यांना. मी तुला काय म्हणतो?"

योना उठला. "भोपळ्या म्हणता, बाबा. पण मला रोज हेच ऐकू येतं."

ही सैतानाची करणी आहे, असं शांतवनला म्हणता आलं असतं. दोघंतिघं तसं म्हणायला तयारच बसले होते. पण तो वेदीपाशी गेला आणि त्याने तो गरम भोपळा दोन्ही हातांनी उचलला.

"आवाज माझाच आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी योनाच्या हातून दुधाची चरवी निसटली. दूध गोठाभर झालं. योनाने मान खाली घातली. सुनेने वेलाकडे पाहिलं. शांतवनचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"पायावर पडली का रे?"

"नाही, बाबा."

त्या संध्याकाळी वेलावर पहिलं पांढरं फूल उमललं.

तात्पर्य: शिवीचा शब्द बदलला म्हणून तिच्यामागचा राग बदलत नाही. तो देवाला ऐकू येतो, आणि ज्याच्यावर काढला त्यालाही.