राजाचा न पेटणारा तारा

एका राज्यात एक जुनी रीत होती, आणि ती पाळायला राजा मिळाला भद्रसेन, काय बोलावं! रीत अशी, की गादीवर बसताना राजाने एक तारा साक्षीला नेमायचा. ताऱ्याऐवजी भलतंच काही नेमलं, तर राजाचं लेकरू दगड होईल, असा शाप होता. आकाशात तारे लाखो. याने बोट दाखवलं ते सगळ्यांत ठळक दिसणाऱ्या महाकाय ग्रहाकडे.

त्याच क्षणी राजकन्या हेमकलेची पावलं दगडाची झाली. दरबारातली टिटवी म्हणाली, "महाराज, तो ग्रह आहे. चूक कबूल करा, शाप उतरेल."

"राजा चुकत नसतो," भद्रसेन म्हणाला. "तारा आळशी आहे. पेटवा त्याला."

झालं. दरबारचा मांत्रिक उडत गेला आणि त्याने हजार मशाली ग्रहाच्या ढगांत खुपसल्या. साऱ्या विझल्या. हेमकला गुडघ्यांपर्यंत दगड झाली.

"तारा मशालीने पेटत नाही, महाराज," टिटवी म्हणाली. "स्वतःच्याच वजनाने तो आतून दाबला जातो आणि त्या दाबाने पोटात पेटतो."

ऐकतो कोण? मांत्रिकाने वाऱ्याचा भाता लावला. ढग नुसते गरगरले. हेमकला कमरेपर्यंत दगड झाली.

"वजन हवं ना? घाला वजन," राजा म्हणाला. तिसऱ्या खेपेला मांत्रिकाने ग्रहाभोवतीचे सगळे चंद्र त्यात लोटले. ग्रहाने ते ढेकर न देता गिळले.

टिटवी वैतागली. "असे ऐंशी ग्रह एकत्र मळाल तेव्हा एक तारा होईल, तोही लहानसा. ताऱ्यात असतात तेच वायू याच्यात आहेत, पण वजन कमी पडतं. याचा उजेडसुद्धा सूर्याकडून आलेला."

"मग ऐंशी आणा."

आता या माणसापुढे कपाळ किती बडवायचं? दगड पोरीच्या गळ्याशी आला होता.

हेमकला म्हणाली, "तात, ग्रह असण्यात वाईट काय आहे? त्याला ग्रहच राहू द्या. आणि चुकलो म्हणायचं असेल, तर माझे कान शाबूत आहेत तोवर म्हणा."

राजा गादीवरून उतरून तिच्यापाशी आला. मग भरदरबारात म्हणाला, "मी चुकलो."

दगड तडकला, खपल्या गळून पडल्या. मांत्रिकाने चंद्र उपसून जागच्या जागी लावले. राजाने एक बारीकसा, पण खरा तारा साक्षीला नेमला आणि लेकीला उराशी धरून ढसढसा रडला. दोन शब्दांचं काम होतं हो. त्यासाठी पोर गळ्यापर्यंत दगड व्हावी लागली. संपली कहाणी.