जुळ्यांचा पहिला नंबर

आमच्या गावच्या शाळेत सुदृढ बालक स्पर्धा भरली, आणि वर्षभर तोंड न दाखवलेले आरोग्य केंद्राचे डॉक्टर धारवाडकर हारतुऱ्यांसकट उगवले. रिवाज असा, की गुटगुटीत पोरं पुढं बसवायची आणि रोडकी मागं, म्हणजे फोटो नासत नाही.

साहेब माईकवर गरजले, "पुढची पोरं ही आमच्या केंद्राची कामगिरी! मागची रोडकी, ते आयांचं अज्ञान!"

पहिला नंबर गिरजाच्या पोराचा आला. साहेबांनी त्याला फोटोसाठी मांडीवर घेतलं. तशी गिरजा मागच्या ओळीतून उठली आणि कडेवरचं रोडकं पोर तिनं त्यांच्या दुसऱ्या मांडीवर ठेवलं. त्याची छाती भात्यासारखी वाजत होती.

"बाई, हे मागं न्या!"

"जुळे आहेत, साहेब. हा माझ्या अज्ञानानं वाळला, तर तो कसा बाळसं धरून आहे? अन् तो तुमच्या कामगिरीनं पोसला, तर ह्यालाच कसे विसरलात? अंगावर दोघांना मीच पाजते. आजारी पडलेल्याला बघणं, एवढंच तुमचं काम होतं. मी येत राहिले, तुमच्या दाराला कुलूप."

साहेबांनी घाईघाईनं ड्रायव्हरला गाडीतून छाती तपासायची नळी आणायला सांगितली.

तो म्हणाला, "साहेब, आज नुसते हारच आणलेत."

"मग ते खाली उतरवा," गिरजा म्हणाली, "अन् तेवढ्या जागेत आम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात न्या."

गाडी गेली. मागं राहिलेले हार शेळ्यांनी खाल्ले. चला, केंद्राचं काहीतरी गावात कुणाच्या अंगी लागलं.