सदबा इंजिनाचा रंग काढतो

करंजवाडी नावाच्या गावात सदबा नावाचा एक भोळा गडी होता. चाळिशी गाठली, मिशीत पांढरे केस आले, पण सांगाल तेवढंच करायचा आणि एकदा सांगितलेलं कायम करायचा. हुसेन मिस्त्रींनी त्याला रंगकामाला ठेवलं. माणूस चोख, हात दणकट. डोकं काय, आपण पुरवू!

गावच्या स्टेशनात वाफेचं जुनं इंजिन पडून होतं. मिस्त्रींच्या वडिलांनी जन्मभर त्यात कोळसा टाकला होता. रेल्वेचे साहेब म्हणाले, "चार दिवसांत इंजिनाच्या केबिनचा पहिला, अस्सल रंग शोधून दाखवा. सापडला तर इंजिन स्टेशनासमोर दिमाखात उभं करू. नाहीतर भंगारवाले टपलेलेच आहेत."

केबिनवर रंगाचे सात थर. वर काळा, खाली तांबडा, त्याखाली कुणीतरी फासलेलं डांबर. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी रंग सोडवायचं औषध दिलं. सदबानं एका हातानं फासलं, दुसऱ्या हातानं लगेच खरवडलं. औषध गेलं, रंग जागच्या जागी.

"अरे शहाण्या, औषधाला दम खाऊ दे की! नीट फुगून वर येईपर्यंत हात लावायचा नाही."

"बरं, चाचा."

दुसऱ्या दिवशी चहाचं दूध स्टोव्हवर चढलं. दूध फुगलं. सदबा हाताची घडी घालून उभा. दूध काठावरून उतरलं, स्टोव्ह विझला.

"सदबा! दूध!"

"आलं वर, चाचा. आता लावू हात?"

"अरे, फुगून वर यायला लागलं की पाण्याचा हबका मारायचा!"

"बरं, चाचा."

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी केबिनला औषधाचा जाड लेप दिला आणि आतच बसून राहिले. तासाभरात रंग पापडासारखा फुगून वर आला. सदबा धावला. अख्खी बादली! औषध वाहून गेलं आणि मिस्त्री दाढीपासून चपलेपर्यंत भिजले.

"उतू जात होतं, चाचा."

मिस्त्रींनी दाढी पिळली. "हे बघ बाबा. आता मनानं काही करायचं नाही. जे काय निघेल ते आधी मला दाखवायचं. मी बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. कळलं?"

"आधी दाखवायचं. कळलं."

चौथ्या दिवशी मिस्त्री तालुक्याला साहेबांकडे गेले, आणखी दोन दिवस मागायला. इकडे सदबानं लेप दिला, थांबला, खरवडलं. डांबर केळीच्या सालीसारखं सुटलं आणि खालून निघाला मोरपिशी हिरवा! कडेनं नाजूक पिवळी रेघसुद्धा.

भंगारवाले गॅस कटर घेऊन झाडाखाली बसले होते. "काय सदबाशेठ, कापायचं का?" एकानं थट्टा केली.

सदबा विचारात पडला. रंग इथं, चाचा तिथं.

"कापा," तो म्हणाला.

तालुक्याला साहेब काही केल्या मुदत देईनात. तेवढ्यात सदबा धापा टाकत आत आला. "चाचा, सापडला! मोरपिशी हिरवा!"

साहेब खुर्चीतून उठलेच. "मग वाचलं की तुमचं इंजिन, मिस्त्री!"

मिस्त्रींचे डोळे भरून आले. त्यांनी सदबाला कडकडून मिठी मारली. "शाबास रे माझ्या वाघा! चला साहेब, आत्ताच जाऊन बघू."

"जायचं कशाला?" सदबा म्हणाला. "खिडकीतून बघा ना."

खाली रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, अख्खी केबिन उभी होती.

"तुम्ही सावकाश बघून घ्या, चाचा. बाकीचं इंजिन कापायला सांगूनच आलोय. दुसऱ्या खेपेला तेही दाखवतो."