सखाहरीच्या दोन नोकऱ्या

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणायचे ते घरचे. गाव त्याला ठोंब्याच म्हणे.

त्याचं लग्न ठरलं, पण सासऱ्याने बजावलं, "जावई कसाही चालेल. नोकरी नसेल तर मुलगी नाही."

मामाने त्याला गुऱ्हाळावर नेलं. तिथल्या मालकाने, तुकाशेटने, काम सांगण्याआधीच सखाहरी म्हणाला, "हो!"

बाहेर येताच मामा तडकला. "लगेच हो म्हणतात का, गाढवा? 'दुसरीकडेही बोलणं चाललंय, विचार करून सांगतो,' असं म्हणावं."

"बरं, मामा."

दुसऱ्या दिवशी चुलीवरच्या मोठ्या काहिलीतला उसाचा रस उतू जाऊ लागला. तुकाशेट ओरडला, "सख्या, जाळ ओढ!"

सखाहरी शांतपणे म्हणाला, "दुसरीकडेही बोलणं चाललंय. विचार करून सांगतो."

त्याचा विचार होईस्तोवर निम्मा रस चुलीत गेला. नुकसान पगारातून कापायचं म्हणून तुकाशेटने त्याला ठेवून घेतलं.

मामाने कपाळ बडवलं. "कामाला लागल्यावर दुसरीकडचं नाव काढायचं नाही! तोंड मिटून राहायचं!"

"बरं, मामा."

मग गडी हवा म्हणून तेलघाण्यावरून बोलावणं आलं. हा गेला. घाणेवाल्याने नाव विचारलं, गाव विचारलं. सखाहरी ओठ घट्ट मिटून बसला. बडबड्या गड्यांना विटलेला घाणेवाला खूश झाला. "उद्यापासून ये," म्हणाला. सखाहरीने मान डोलावली.

"दोन मालकांचा एक गडी?" मामा किंचाळला. "अरे, जागा सोड! पण कुणाचं काम अडवू नकोस. आपल्या जागी अनुभवी माणूस उभा कर, मगच नीघ."

कुठली जागा सोडायची, ते मामा बोलला नव्हता. सखाहरीने दोन्हीकडे माणूस उभा केला.

लग्नाचा दिवस उजाडला. अंतरपाट धरला. सखाहरीच्या मागे मामा उभा, शेजारी दिवा घेऊन मामी. सासरा कानाशी लागला, "जावईबापू, शेवटी नोकरी कोणती धरलीत?"

"दोन्ही सोडल्या."

सासरा लालबुंद झाला. "मग इथलीही जागा सोडा!"

"बरं," सखाहरी म्हणाला. त्याने मुंडावळ्या सोडून मामाच्या कपाळाला बांधल्या, हार त्याच्या हातात कोंबला आणि "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्याला पाटावर ढकललं.

तेवढ्यात मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. मामाला बघून नवरीने डोळे गच्च मिटले.

सखाहरी सासऱ्याला हात जोडून म्हणाला, "माणूस अनुभवी आहे. हवं तर मामींना विचारा."