तिसऱ्या दिवसाची चिठ्ठी

एका राज्यात डोंगराच्या तीन खिंडी होत्या आणि धीरसेन नावाचा राजा होता. त्याला कालदंष्ट्र मांत्रिकाचा शाप होता, की राजाला जे ठाऊक होईल ते त्याच क्षणी मांत्रिकालाही कळावे. एके दिवशी मांत्रिक चाल करून आला. दोघांनी रोज ताज्या दमाचे नऊ-नऊशे स्वार उतरवायचे. तीन दिवस लागोपाठ दोन खिंडी राखल्या तर राज्य राजाचे, शापही सुटेल आणि मांत्रिक भस्म होईल, असे ठरले.

राजवाड्यात एक बोलकी साळुंकी होती. ती म्हणाली, "महाराज, दोन खिंडी राखायच्या तर तिसरी सोडावी लागते. कोणती, ते माझी चोच ठरवील. आपण चिठ्ठी पाहू नये."

साळुंकीने सोडायच्या खिंडीची चिठ्ठी उचलावी, प्रधानाने तीवर तिथल्या नायकाचे नाव लिहून स्वार धाडावेत. दोन खिंडींत चारशे-चारशे, तिसरीत शंभर. पहिल्या दिवशी मांत्रिकाने सारखे तीन वाटे केले आणि तो दोन खिंडी हरला. दुसऱ्या दिवशी त्याने अंदाज बांधला, तोही फसला. मात्र दोन्ही दिवशी त्या शंभरांतला एकही परतला नाही. ती लोकांची मुले होती. राजा पोटभर जेवला, हे सांगताना माझी जीभ जड होते. पण जेवला खरा.

तिसऱ्या दिवशी युवराज जयमल्लाने घोड्यावर मांड टाकली. सेना गेली, चिठ्ठी पिंजऱ्यात उरली. राजाने पिंजऱ्यात हात घातला.

"वाचू नका, महाराज. आपल्याला कळले की त्यालाही कळेल."

"माझा मुलगा कुठे आहे, एवढेच पाहतो."

चिठ्ठीत होते: वाघखिंड, जयमल्ल, शंभर स्वार.

युवराज हाती लागला की बाप आपण होऊन शरण येईल, अशा लोभाने मांत्रिकाने नऊशेच्या नऊशे स्वार वाघखिंडीत घातले. जयमल्ल हाती लागला नाही. लढता लढता पडला. उरलेल्या दोन खिंडींत राजाच्या आठशेंना अडवायला कोणीच नव्हते. सूर्य मावळला, मांत्रिकाची राख झाली, शाप सुटला.

नगरात तोरणे लागली. भाट गाऊ लागले, की धन्य हा राजा, याने जाणूनबुजून चिठ्ठी वाचली, पोटचा गोळा पुढे करून शत्रूला फसवले. प्रधानानेही मुजरा करून तेच म्हटले. डाव कसला, मला राहवले नाही, एवढेच राजाला सांगायचे होते. पण त्याने प्रधानाचा मुजरा घेतला. मांत्रिक जिवंत असता, तर न सांगता त्याला तरी समजले असते. पण शाप सुटला होता, आणि आता राजाच्या मनातले कोणालाच कळत नव्हते.