चकव्याला गोष्ट सांगणारी बाय

फार वर्षांपूर्वी, सड्यावरून डांबरी रस्ता गेला नव्हता तेव्हा, हुंबरवण्याहून शिरगळला पायवाटेनंच जावं लागे. हुंबरवणे सड्याच्या या अंगाला, शिरगळ त्या अंगाला, आणि मधे सडा म्हणजे नुसता उघडा काळा कातळ, मैलभर सपाट. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापे. भाद्रपदात त्याच्यावर गुडघाभर गवत उभं राही, आणि भर दुपारी बसल्या जागी धुकं दाटून येई.

त्या काळी या भागात एक बाई यायची. चंद्रभागा तिरोडकर तिचं नाव, पण पोरं तिला गोष्टीबाय म्हणत. ती मुलांसाठी पुस्तकं लिहायची आणि डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन शाळाशाळांतून गोष्टी सांगत हिंडायची. शाळा नसेल तिथे देवळात, देऊळ लहान असेल तर खळ्यात. गावात शिरली की आधी विचारायची, "तुमच्याकडे सगळ्यात हट्टी बैल कुणाचा?" किंवा, "कुठल्या झाडावर चढायला भ्या वाटतं रे तुम्हाला?" मग तो बैल, ते झाड त्या दिवशीच्या गोष्टीत येऊन बसे.

तिचा आवाज काही मोठा नव्हता. तरी शेवटच्या रांगेतल्या पोराला वाटे, बाय आपल्या कानाशीच बोलतेय. ती बोलू लागली की गोठ्यातली गुरं रवंथ थांबवत आणि कौलांवरचा पाऊस हळू होई, असं म्हणतात. आणि गोष्ट संपवून ती गेली की हुंबरवण्याच्या शाळेमागे, सड्याकडच्या खिडकीखाली, गवत दबलेलं दिसे. कुणीतरी तिथे बसून ऐकून गेल्यासारखं. राघो मास्तरांनी ते पाहिलं होतं. वासरू बसलं असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला.

आता सड्यावर चकवा होता, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. चकवा दिसत नाही. तो आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, आणि त्या हाकेमागे जाणारा एकाच जागी गोल गोल फिरत राहतो. काहीजण परत येत, पण तळपाय सोलवटलेले असत, आणि नावानं हाक मारली तर ओ देत नसत. नाव चकव्यानं ठेवून घेतलेलं असे. काही तर आलेच नाहीत. शिरगळच्या धाकू गवळ्याचा धाकटा भाऊ सोनू म्हैस शोधायला वर गेला तो तसाच गेला. धाकू पुढे म्हातारा झाला, त्याला सगळे आजा म्हणू लागले, पण सड्याकडे पाठ करून तो कधी बसला नाही.

एका वर्षी शिरगळला वाचनालय निघालं. खोली एकच, पण भिंतभर पुस्तकं. पहिल्या दिवशी गोष्ट सांगायला गोष्टीबायला बोलावलं. हुंबरवण्याच्या पोरांनी मास्तरांच्या मागे धोशा लावला, आम्हालाही न्या. मास्तरांनी आभाळ पाहिलं, लख्ख होतं. सकाळचं ऊन पडताच ते सगळ्या शाळेला घेऊन सड्यावर चढले.

दुपार झाली तरी पोरं शिरगळात उतरली नाहीत. वाचनालयात माणसं ताटकळली. बाय दारात उभी राहून वर पाहत होती, आणि बघता बघता सडा धुक्यात गेला.

मग वरून आवाज आला.

"या रे पोरांनो, या. गोष्ट सुरू झाली."

दारातल्या माणसांनी बायकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. आवाज तिचाच होता, तसाच हळू, प्रत्येकाच्या कानाशी बोलल्यासारखा, आणि तो सड्यावरून येत होता.

"या रे पोरांनो, या."

बायनं पदर खोचला. पेटी तिथेच ठेवली. धाकू आजा काठी आडवी धरून तिच्या वाटेत उभा राहिला.

"बाय, वर जाव नको. तुजाच आवाज लावलाय त्यानं."

"म्हणून तर जाते," बाय म्हणाली. "पोरं माझ्या आवाजामागे गेली असतील. दुसऱ्या कुणाच्या गेली नसती."

"सोनू गेला तो आला नाय."

"मग तोही तिथेच असेल," ती म्हणाली, आणि काठीखालून वाकून निघाली.

यापुढचं मथूनं सांगितलेलं. मथू ही त्या पोरांतली एक मुलगी. ती पुढे खूप म्हातारी होऊन गेली, पण तिच्या सांगण्यातला शब्द कधी बदलला नाही.

मथू सांगे, आम्ही चालत होतो. पुढे मास्तर, मागे आम्ही, एकमेकांची बाही धरून. पुढून बायचा आवाज येत होता. तो गोष्ट सांगत होता. "एक होतं कासव. ते घर पाठीवर घेऊन घर शोधायला निघालं." एवढं झालं की पुन्हा, "एक होतं कासव." पुन्हा तेच. पुढचं येतच नव्हतं, आणि पुढचं ऐकायला म्हणून आम्ही चालत होतो. खाली गवत तुडवून तुडवून गोल वाट पडली होती. पाय दुखत होते, ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. मागच्या पोरीनं मला हाक मारली, तर मथू म्हणजे कोण, ते मला आठवेना.

चकव्याला एवढीच गोष्ट का येत होती? खिडकीबाहेरून त्याला तेवढीच ऐकू आली, असं कुणी म्हणतात. कुणी म्हणतात, जो गोल फिरतो त्याला पुढचं सापडतच नाही.

बाय धुक्यातून आली आणि कातळावर मांडी घालून बसली. तिनं पोरांना हाक मारली नाही. हाकेला आता कुणी ओ दिली नसती. आवाज म्हणाला, "ते घर पाठीवर घेऊन घर शोधायला निघालं," आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायच्या आत बाय बोलली.

"आणि वाटेत त्याला दमलेली पोरं भेटली."

आवाज थांबला. सड्यावर इतकं शांत झालं की गवतावरचं पाणी कातळावर टपटपताना ऐकू आलं.

"पोरं म्हणाली, आम्हाला वाट सापडत नाही. कासव म्हणालं, उजव्या हाताला निळी फुलं दिसतात ना, तिकडे वळा."

मथूनं उजवीकडे पाहिलं. निळी फुलं होती. मघापासून ती तिथेच असणार, पण कुणाला दिसली नव्हती. मास्तर वळले, मागून पोरं वळली.

"पुढे पाण्याचा आवाज येईल. त्या पाण्याच्या सोबतीनं खाली उतरा. मागे पाहू नका."

बाय श्वास घ्यायला थांबली की धुकं दाट होई आणि पायांखालची वाट वाकडी होई. ती बोलू लागली की वाट सरळ. म्हणून ती थांबेनाशी झाली. पोरं पाण्यापर्यंत पोचली तरी कासवाची गोष्ट चालूच होती.

मथूनं मात्र मागे पाहिलं. बाय कातळावर बसली होती. तिच्यासमोर धुकं बसलं होतं. शाळेत पोर बसतं तसं, गुडघे पोटाशी घेऊन, मान पुढे काढून. त्याला तोंड नव्हतं. त्याच्या मागे रांगेनं माणसं बसली होती. डोक्यावर पावसाचं पानांचं इरलं घेतलेला एक तरणा माणूस होता, जुन्या पद्धतीचं लुगडं नेसलेल्या बाया होत्या. सगळे मोठे, आणि सगळे लहान पोरांसारखे ऐकत होते.

पोरं शिरगळात उतरली. मास्तर वाचनालयाच्या पायरीवर बसले आणि एकेका पोराचं नाव घेत रडले. प्रत्येकानं ओ दिली.

बाय आली नाही. धुकं ओसरल्यावर गाव वर गेलं. गवतात गोल वाट होती. कातळावर ती बसली होती तेवढी जागा कोरडी होती, हात लावला तर ऊन लागत होती. दुसरं काही नव्हतं.

पण त्याच आठवड्यात धाकू आजाच्या ओट्यावर एक तरणा माणूस येऊन बसला. डोक्यावर इरलं. म्हणाला, "दादा, भूक लागली. पेज हाय का?" धाकू आजानं हातातली काठी खाली ठेवली. भाऊ गेला त्या दिवशी होता तेवढाच होता. त्याला फक्त एवढं आठवत होतं, की वर एक बाई गोष्ट सांगते, आणि ज्याला आपलं घर आठवतं त्याला ती मधेच हातानं खूण करते, जा म्हणून.

"मग ती का येत नाय?" आजानं विचारलं.

सोनूनं पेजेचा वाडगा खाली ठेवला. "तो ऐकतोय ना अजून," तो म्हणाला.

तेव्हापासून सड्यावर कुणी वाट चुकलं नाही. धुक्यात वरून जाणाऱ्याला बाईचा हळू आवाज येतो, असं म्हणतात. चालताना शब्द लागत नाहीत. आवाज पाठीशी ठेवून चालायचं, घर येतं. ऐकायला म्हणून थांबायचं मात्र नाही.

आता वर डांबरी रस्ता आहे आणि शिरगळच्या वाचनालयाला दुसरा मजला चढला आहे. पण कपाटात नवं पुस्तक लावायच्या आधी दोन्ही गावांतली मुलं धुकं उतरलं की ते घेऊन सड्याच्या कडेला जातात. बायला सांगायला गोष्टी कमी पडू नयेत म्हणून. एक मूल धुक्याकडे तोंड करून पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचतं. मधे थांबत नाही, एकही ओळ गाळत नाही. बाकीची गप्प उभी राहतात. कुणी बायचं नाव घेत नाही, कारण ओ कोण देईल ते सांगता येत नाही.

वाचून झालं की पुस्तक मिटतात आणि लगेच निघत नाहीत. थोड्या वेळानं धुक्यातून तीच गोष्ट हळू आवाजात पुन्हा सुरू होते. पहिलं वाक्य ऐकू आलं, दुसरं आलं, आणि पुन्हा पहिलं न येता तिसरं आलं, की मुलं घरी जातात.