हं न मागणारी पेटी

एक होती राणी. आता राणी म्हटलं की झोपाळ्यावर बसून विडा चघळणारी बाई डोळ्यांपुढे आणू नका. ही राणी दमलेली होती. सकाळी उठायची तीच दमलेली. राज्य लहान, राजवाडा मोठा, आणि दासी होत्या त्या नेमक्या पाहुणे आले की आजारी पडायच्या. मग काय, डाळ राणीनेच शिजवायची, मुकुट राणीनेच चिंच लावून घासायचे, आणि राजाचं उपरणं कुठे आहे तेही राणीनेच सांगायचं. राजा उपरण्यावरच बसलेला असायचा, बरं का!

या राणीला एक मुलगी होती. नाव शेवंती, वय वर्षं पाच. दिवसभर हुंदडायची आणि अंथरुणावर पडली रे पडली की म्हणायची, "आई, गोष्ट."

त्या राज्यात गोष्टीचा एक रिवाज होता. आपल्याकडेही आहे. सांगणाऱ्याने एक वाक्य सांगायचं, मग ऐकणाऱ्याने म्हणायचं, "हं." हं आला की पुढचं वाक्य. हं नाही, तर गोष्ट नाही. म्हणा बघू. ओवी, तूसुद्धा. नुसती मान हलवू नकोस, मला अंधारात दिसत नाही.

तर शेवंतीची लाडकी गोष्ट होती सर्दी झालेल्या हत्तीची. हत्तीला सर्दी होते. मग तो नदीवर जातो, मग डोंगरावर जातो, मग मुंगीच्या घरी जातो, आणि मुंगी त्याला आल्याचा काढा पाजते. संपली. पण शेवंतीचं एकदा सांगून भागायचं नाही. तीनदा लागायची. पहिल्यांदा हं कसा ठणठणीत यायचा. दुसऱ्यांदा जरा सैल. तिसऱ्यांदा अगदी बारीक, लांबून आल्यासारखा, आणि मग यायचाच नाही. मग राणी तिच्या डोक्याखालचा आपला हात हळूच काढून घ्यायची, श्वास रोखून पाय खाली सोडायची, आणि उठणार तोच मागून, "आई, मग मुंगी काय म्हणाली?"

राणीला रडू यायचं. खरंच सांगते, यायचं. अजून सगळी भांडी पडलेली असायची.

मग एकदा काय झालं, राजवाड्याच्या दारात एक फिरता जादूगार आला. त्याच्या डोक्यावर पेटी. पेटीला समोर काच, बाजूला पिळायला दोन कान, आणि जादूगाराच्या काखोटीला लोखंडी काड्यांचा एक सांगाडा. तो म्हणाला, "राणीसाहेब, ही पेटी गोष्टी सांगते. थकत नाही, चिडत नाही. आणि हिला हं लागत नाही."

राणीने विचारलं, "याबद्दल तुम्हाला काय द्यायचं?"

"मला काही नको. पेटीला लागेल ते ती आपलं आपण घेते."

काय घेते, हे राणीने विचारायला हवं होतं. पण चुलीवर दूध होतं. "ठेवा तिकडे," म्हणाली आणि आत पळाली.

मग पेटी दिवाणखान्यात बसली आणि सांगाडा गच्चीवर गेला. तो फिरवायला प्रधानजी वर चढले. वरून ते ओरडायचे, "आलं का?" खालून राजा ओरडायचा, "आलं, आलं! अरे, गेलं. डावीकडे! तुमच्या डावीकडे नव्हे, माझ्या!" तीन दिवस हेच. प्रधानजींचं ताट वरच पाठवावं लागलं. मग कधीतरी काचेवरच्या मुंग्या हटल्या आणि चित्र दिसलं. गडाखालची सगळी पोरं येऊन सतरंजीवर बसली. चपलांचा हा ढीग दाराशी!

आणि राणी? पहिल्या दिवशी ती गरम चहा प्यायली. कित्येक वर्षांत तिला चहा गरम मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने न्हाऊन केस वाळवले. तिसऱ्या दिवशी ती दुपारी आडवी झाली आणि चक्क घोरली. शेवंतीला तर पेटीपुढे बसवलं की पुरे. तोंड उघडंच असायचं, घास ठेवला की आत जायचा. ज्या पोरीला अर्धी पोळी खायला तासभर लागायचा, तिने दोडका खाल्ला, बरं का! दोडका! राणीने मनातल्या मनात जादूगाराला शंभर आशीर्वाद दिले.

मग एका संध्याकाळी राणी तुपाचं भांडं घेऊन दिवाणखान्यातून निघाली, आणि पाय सटकला. भांडं एकीकडे, राणी एकीकडे. गुडघा चांगलाच आपटला. तिने हाक मारली, "शेवंते!" काही नाही. "अगं शेवंते!" काही नाही. "शेवंते, बाळा, आई पडली गं!" चार हातांवर बसली होती पोर. वळलीसुद्धा नाही. राजाही तिथेच होता. आपल्याच राज्यातली लढाई पेटीत बघत होता. ती संपल्यावर म्हणाला, "अगं, तू पडलीस की काय?"

राणी लंगडत शेवंतीजवळ गेली. "शेवंते, मला लागलं गं." शेवंती काचेकडे बघत राहिली. डोळे उघडे, तोंड उघडं, आणि आत कोणी नसल्यासारखं. पेटीने काय घेतलं ते तिला तेव्हा कळलं. पोरीचा हं गेला होता.

मग धावाधाव सुरू झाली. आधी वैद्यबुवा आले. त्यांनी ज्येष्ठमध चाटवला, घसा बघितला आणि म्हणाले, "घसा उत्तम आहे." मग राजाने छाती फुगवून फर्मान सोडलं, "हं म्हण! ही राजाज्ञा आहे!" शेवंतीची पापणी लवली, बस्स. मग प्रधानजी तावातावाने गच्चीवर चढले आणि त्यांनी तो सांगाडाच उपटला. त्यांना तेवढंच समाधान. काचेवर मुंग्याच मुंग्या झाल्या, आणि शेवंती मुंग्या बघत बसली.

सगळे दमले आणि आपापल्या घरी गेले. आईला कुठे जायचंय? राणीने पेटीचा कान पिळला, ती बंद केली. शेवंतीला उचललं, अंथरुणावर घेतलं, डोक्याखाली हात दिला आणि सांगायला लागली, "हत्तीला सर्दी झाली."

हं आला नाही.

रिवाजाप्रमाणे गोष्ट तिथेच थांबायला हवी होती. पण राणीने सांगितली. भिंतीला सांगावी तशी अख्खी सांगितली. मग दुसऱ्यांदा सांगितली. गुडघा ठणकत होता, डोळ्यांवर झापड येत होती. मग तिसऱ्यांदा सुरू केली, आणि त्या झोपेत दिवसभराची कामं गोष्टीत शिरली, बघा.

"हत्तीला सर्दी झाली... मग तो गिरणीत गेला... दळण ठेवलं... गिरणीवाला म्हणाला, उद्या या... मग हत्तीने... हरभऱ्याची डाळ भिजत घातली..."

अंथरुणात काहीतरी हललं.

"मग हत्ती मुंगीच्या घरी गेला... मुंगी म्हणाली, अहो, उठा जरा... उपरणं तुमच्याखालीच आहे..."

"आई, चुकलं!"

"हं?" राणी झोपेतच म्हणाली.

"गिरणीत नाही गं, नदीवर! आणि मुंगीकडे उपरणं कुठलं? तुला काही येत नाही. थांब, मीच सांगते." शेवंती उठून बसली, तिने आईच्या डोक्याखाली आपला हात दिला. "हत्तीला सर्दी झाली. हं म्हण."

"हं," राणी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात उचलण्याचंही बळ उरलं नव्हतं.

"मग तो नदीवर गेला."

"हं."

"मग तो डोंगरावर गेला."

राणीचा हं बारीक झाला, लांबून आल्यासारखा. हत्ती मुंगीच्या घरी पोचला तेव्हा तो आलाच नाही. शेवंतीने थोडा वेळ वाट बघितली. मग आईच्या डोक्याखाली दिलेला आपला हात तिने हळूच काढून घेतला आणि पांघरूण ओढून दिलं. आईच्या गळ्यापर्यंत ओढलं, तर पाय उघडे राहिले. मग तिने आपलंही पांघरूण त्यांच्यावर घातलं.

पेटीचं काय झालं? काही नाही. प्रधानजी बिचारे पुन्हा गच्चीवर चढले. पण तेव्हापासून घरात कोणी हाक मारली की आधी हं म्हणायचं, मग पेटी बघायची, असा नियम झाला. राजालासुद्धा. दोडका मात्र शेवंतीने पुन्हा कधी खाल्ला नाही. राणी दमलेलीच राहिली, चहा गार होत राहिला, आणि ती सगळी एकमेकांना हं म्हणत सुखाने नांदली. झाली गोष्ट. मिटा डोळे.

ओवी? हं म्हण की. झोपली वाटतं. भांडी पडली आहेत माझी, हात काढून घ्यायला हवा. राहू दे जरा.